कोपरा कापलेलं कार्ड

आमचे एक सर होते, त्यांना मी भीत असे. अजून भितो. ते जाऊन कैक वर्षं झाली, तरी भितो. बरं, त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. ते फक्त कोटाच्या आतल्या खिशातून स्वेटर विणायची लांब सुई काढायचे, आणि अमरावतीच्या आमच्या कॉमर्स कॉलेजातली पन्नास पोरं चूप व्हायची.

ही सुई काय करायची ते सांगतो. सरांनी वर्गातल्या प्रत्येकाचं एक जाड कार्ड केलं होतं, पोस्टकार्डाएवढं. चारही कडांनी भोकांची रांग. बसच्या कंडक्टरचा तिकिटं टोचायचा चिमटा त्यांनी कुठून तरी पैदा केला होता, त्यानं पाडलेली. एकेका भोकाला एकेक अर्थ. हा होस्टेलात राहतो, हा इंग्रजीत कच्चा, हा उशिरा येतो. जी गोष्ट तुम्हाला लागू, त्याचं भोक सर कात्रीनं कडेपर्यंत कापून उघडं करायचे. मग सगळ्या कार्डांचा गठ्ठा उभा धरून त्या भोकातून सुई आरपार घालायची आणि उचलून हलवायची. ज्यांचं भोक शाबूत ती कार्डं सुईला लटकून राहायची. ज्यांचं कापलेलं ती टपटप टेबलावर पडायची. अर्ध्या मिनिटात वर्गातले सारे उशिरा येणारे सरांसमोर पालथे! त्यात पुन्हा दुसऱ्या भोकातून सुई घातली की त्यांतले इंग्रजीत कच्चे निराळे. माझं कार्ड दोन्ही वेळा पडायचं.

"पाह्यलं?" सर म्हणायचे. "मी कोणाले काही इचारलं? कोणाचं तोंड पाह्यलं? यंत्र असंच करते. ते तुमचं तोंड पाहत नाही."

पोरांनी त्यांचं नाव पाडलं होतं टोच्या. पाठीमागे अर्थात. तोंडावर म्हणायची छाती कोणाची?

सर मूळचे अकोल्याकडचेच, पण तरुणपणी कलकत्त्याला होते. तिथल्या कुठल्याशा कचेरीत कार्डांवर चालणारी यंत्रं होती. माणसं कार्डांना भोकं पाडायची, यंत्र ती भोकं चाचपायचं आणि बेरजा, याद्या, वर्गवाऱ्या सगळं करून बाहेर टाकायचं. पुढे सर इकडे परत आले, आमच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवू लागले. पण डोक्यात यंत्र बसलं ते बसलंच. "यंत्र येऊन राहिलं, बापू" हे वाक्य दिवसातून दहादा तरी तोंडून निघायचं. चहाच्या टपरीवर, लायब्ररीच्या जिन्यात, कुठेही. एकदा त्यांच्याबरोबर मी एका प्राध्यापकांच्या लग्नाला गेलो होतो. पंगतीत पानात पापड वाढला. सरांनी खिशातून चिमटा काढून पापडाच्या कडेला पाच भोकं पाडली आणि शेजारच्या म्हाताऱ्याला समजावून सांगू लागले की हे पाचवं भोक म्हणजे तुमचं वय. म्हातारा घाबरून दुसऱ्या पानावर जाऊन बसला.

हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं. आम्ही सारे कॉलेजात आलो होतो ते कशासाठी? कारकून व्हायला! दुसरं काय होतं आमच्यापुढे? माझा बाप दर्यापूरच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, कापसाचे बोरे वाहायचा. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा बापानं मला समोर बसवून एवढंच सांगितलं, "आता तू खुर्चीवर बसलेला दिसला पाह्यजे मले." आणि इथे हा माणूस रोज सांगतोय, की खुर्च्या जाणार. चाळीस जण बसतात तिथे चार बसतील.

"पण सर, यंत्र एवढं हुशार असेल तर आमचं काय होणार?" कोणीतरी एकदा विचारलं.

"हुशार?" सर खो खो हसले. "अरे, महामूर्ख असते ते! म्हणूनच भ्या त्याले. शहाण्याले समजावता येते. मूर्खाच्या हातात कागद द्याचा म्हणजे आपण किती जपून द्याले पाह्यजे?"

दर शनिवारी कॉलेज सुटल्यावर ते जादा वर्ग घ्यायचे. त्याला ना परीक्षा, ना मार्क. प्रिन्सिपॉलसाहेब त्याला पोरखेळ म्हणत. यंत्र तर कुठेच नव्हतं, म्हणून सरांनी जेवायच्या पाटांवर सोड्याच्या बाटल्यांची बुचं ठोकून घेतली होती, शून्य ते नऊ. समोर आकड्यांची यादी आणि आम्ही त्या बुचांवर बोटं बडवतो आहोत. यादीवरून नजर हलवायची नाही, पाटाकडे बघायचं नाही. सर मागे घड्याळ घेऊन उभे. चुकलो की मानेजवळ त्यांचा आवाज यायचा. ओरडणं नाही, हळूच. "गेला. सात वर्षांचा पोरगा तू सत्तरचा करून टाकला." किंवा, "तू आत्ता एका बाईचा नवरा मारला, बापू. जिवंत माणूस. आता ती कचेरीत येऊन रडते, अन् कचेरी म्हणते, कार्डावर तं मेलेला आहे." मला घाम फुटायचा. खोटं नाही सांगत, बोटं बुचांवरून घसरायची एवढा घाम.

एकट्या श्रावणला मात्र घाम फुटत नसे. श्रावण बार्शीटाकळीच्या पलीकडच्या एका खेड्यातला. आईबाप लहानपणीच गेलेले, काका-काकूंनी वाढवलेला, वावरात राबून आलेला. पण बोटं अशी की पाहत राहावं. गुणगुणत, मान डोलवत, बिनचूक. होस्टेलात आम्ही एकाच खोलीत होतो. सर त्याच्या मागे फार वेळ उभे राहत.

आता अकराव्या भोकाबद्दल.

बाकी सगळ्या भोकांचे अर्थ सरांनी फळ्यावर लिहून दिले होते. अकराव्यापुढे कोरं. आणि माझ्या कार्डावर अकरावं भोक कापलेलं होतं. श्रावणच्याही होतं. अचलपूरच्या एका विणकराच्या पोराचं होतं, आणखी काही जणांचं होतं. माझ्या मनात लगेच आलं ते आलंच. जात! कार्डावर चढवली ह्यानंही. मग वाटलं, श्रावण तर कुणबी, त्याचं कसं कापलं? तरी शंका जाईना. शाळेत वेगळं बसवलेला माणूस मी. कुठेही वेगळी खूण दिसली की आधी तेच मनात येतं, त्याला काय करायचं? सहा महिने ती शंका घेऊन फिरलो. शेवटी एक दिवस सर एकटे होते तेव्हा धीर करून विचारलं, "सर, अकरावं भोक कशाचं?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ज्याच्या घरी वाचता येणारं कोणी नाही, त्याचं." म्हणाले. "फळ्यावर काहून लिहू ते? चारचौघात लाजवू का तुमाले? हे पोट्टे मले आधी पाहाचे आहेत. बाकीच्याईले बाप आहे, काका आहे, कोणी ना कोणी सांगणारं आहे."

मला लाज वाटली. पण खरं सांगू का, भीती गेली नाही. माझ्याबद्दल एवढं कोणाला तरी ठाऊक आहे, हीच भीती राहिली.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी सर वर्गात आले ते धापा टाकत. अकोल्याला कापसाच्या व्यापारातल्या एका बड्या कंपनीची कचेरी होती, तिथे यंत्र येणार होतं. खरं यंत्र! दहा पोरं हवी होती. कंपनीच्या साहेबानं सरांना कळवलं होतं, की तुमच्या शनिवारच्या वर्गातली बारा नावं द्या, मी चाचणी घेईन. तारीख मागाहून ठरेल. सरांनी बारा नावं वाचली. त्यात श्रावण होता, आणि शेवटी शेवटी मीही होतो.

"परीक्षा झाली की घरी जा," सर म्हणाले. "तारीख कळली की मी प्रत्येकाले पत्र टाकतो. पत्राची वाट पाहा. हे हातचं सुटलं तं सुटलं."

मग तो उन्हाळा. आमचं गाव दर्यापूरहून दोन कोस, आणि टपाल यायचं आठवड्यातून दोनदा. मी दुसरं काही केलंच नाही, पत्राची वाट पाहिली. घरात मोठी बहीण बाळंतपणाला आली होती, दिवस भरत आलेले. तिचा नवरा रेल्वेत खलाशी, गँगबरोबर लायनीवर काम करायचा, कधी मूर्तिजापूर, कधी बडनेरा. बाप जिनात. पत्र आलं की मी अकोल्याला जाणार, खुर्चीवर बसणार, हे साऱ्या गावाला ठाऊक. पत्र काही येईना. शेवटी एका दिवशी न राहवून मी स्वतःच पायी दर्यापूरच्या पोस्टात चौकशीला गेलो. तिथला बाबू म्हणाला, "तुमच्या गावचं टपाल आताच गेलं ना बापू, बदलीवाला पोस्टमन घेऊन गेला." मी धावत परत आलो. माय अंगणात तूर पाखडत होती.

"पत्र आलं का वं माय?"

"नाई," माय म्हणाली. सुपावरची नजर काही वर आली नाही.

त्या दिवसापासून माय बदलली. जेवायची नाही. विचारलं तर म्हणे उन्हानं भूक मेली. बहिणीच्या तोंडाकडे पाहत बसायची, बहिणीनं मान वळवली की डोळे पुसायची. गावात कासार आला, तर मायनं बहिणीला ओढत नेऊन बसवलं आणि दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरायला लावल्या. "इतक्या कशाले वं?" बहीण हसत म्हणाली. "भर," माय म्हणाली. "भरून घे माय, हातभर भरून घे." आणि पदर तोंडात कोंबून घरात पळाली. मला कळेना काय झालं हिला. मला माझ्या पत्राची पडली होती.

नवव्या दिवशी बहीण बाळंत झाली, मुलगी झाली. दहाव्या दिवशी दुपारी दारात कोणाची तरी सावली पडली. पाहतो तर जावई. हातात गुळाची भेली, खारकांची पुडी, अंगावर धूळ. माय चुलीपुढे होती. तिनं वळून पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की शेजारची माणसं धावत आली.

"माय वो! तुमी?" ती जावयाच्या अंगावर हात फिरवून पाहू लागली. खांदे, तोंड, डोकं. तो बिचारा गुळाची भेली धरून भांबावलेला उभा. "तुमी हा ना? तुमीच हा ना बाप्पा?"

मग ती वळली, तुरीच्या मडक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे धरलं. वरचा डावा कोपरा कापलेला.

आता हे नव्या लोकांना सांगावं लागेल. आमच्याकडे मरणाची बातमी कळवायची तर पत्राचा कोपरा फाडून पाठवत. अक्षर न येणाऱ्या माणसालाही लांबून कळावं, की आत काय आहे. बदलीवाल्या पोस्टमननं ते कार्ड उंबऱ्यावर टाकलं, "काकू, कोपरा नाही ह्याले" एवढं म्हणाला आणि चालता झाला. घरात पोटुशी लेक, तिचा नवरा रूळांवर. मायच्या मनात दुसरं कोण येणार? वाचायला लावलं तर लेकीला कळेल, लेकीचं काही बरंवाईट होईल. म्हणून तिनं ते मरण तुरीत पुरलं, आणि नऊ दिवस एकटीनं, न रडता, त्याच्याजवळ बसून भाकरी थापल्या.

"आता वाच," माय म्हणाली. "कोन मेलं ते वाच."

मी वाचलं. सरांचं ठसठशीत अक्षर. पुढच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता अकोल्याच्या कचेरीत चाचणीस हजर राहणे. नखं कापून येणे.

तो सोमवार परवा होऊन गेला होता.

"कोनी नाही मेलं माय," मी म्हणालो. "मीच मेलो." आणि खाली बसून लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला राजापेठेत सरांच्या खोलीवर गेलो. सर मला पाहून उसळलेच. "कुठी होता? सात जण आले नाहीत! साहेबापुढे नाक कापलं माह्यं!" मी कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि मायची सगळी हकीकत सांगितली. सर उभ्यानंच ऐकत होते. मग त्यांनी कार्ड उचललं आणि त्या कोपऱ्याकडे पाहत राहिले.

"हा तं कार्ड सुलटं आहे का उलटं हे कळावं म्हणून कापतात," ते हळूच म्हणाले. "कलकत्त्यापासून हातच बसला आहे. कार्ड समोर आलं की कात्री जाते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मले असं पत्र कधी आलंच नाही रे. ज्याचं मरण मले कळवावं, असं कोणी उरलंच नव्हतं."

मग त्यांनी काय केलं, तर त्या बारा पोरांची कार्डं पेटीतून काढली, गठ्ठा केला, आणि अकराव्या भोकातून सुई घातली. उचलली. सात कार्डं खाली पडली. सरांनी एकेक नाव वाचलं. न आलेले सात. तेच सात, एकही इकडचा तिकडे नाही. बारा जणांना बारा सारखी पत्रं गेली होती. ज्या घरात वाचता येत होतं तिथे लोकांनी अक्षरं वाचली. आमच्या घरांत कोपरा वाचला.

"ज्यांच्यासाठी केलं तेच," सर म्हणाले. "नेमके तेच." त्यांच्या हातातली सुई टेबलावर टक टक वाजत होती. सरांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो. सांगतो, त्यापेक्षा ते मला मारायला उठले असते तर बरं झालं असतं.

तसेच आम्ही बडनेऱ्याला जाऊन अकोल्याची गाडी पकडली. कचेरीतला साहेब मद्रासकडचा होता, माणूस भला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कोपऱ्याचं दोनदा समजावून घेतलं. मग म्हणाला, तुमचे पाच घेतले, बाकी इथलीच पोरं घेऊन नऊ जागा भरल्या. दहावा पोरगा काल नाही म्हणून कळवून गेला. एक जागा आहे. उद्या सकाळी दहा वाजता ज्याला आणाल त्याला मी यंत्रावर बसवून पाहीन, एक आणा की सात आणा. बाराच्या गाडीनं मी मुंबईला निघतो, मग माझ्या हातात काही नाही.

बाहेर निंबाच्या झाडाखाली सर उभे राहिले. बोटांवर मोजू लागले. अचलपूर उद्यापर्यंत होणं नाही. मेळघाटाकडचे दोघं नाहीत. वर्धेकडचे दोघं नाहीत. मोजता मोजता थांबले.

"श्रावण," ते म्हणाले. "बार्शीटाकळी इथंच तं आहे. दुपारची गाडी भेटते. तू जाऊन घेऊन येतो का त्याले? घर पाह्यलं आहे ना तू?"

घर मी पाहिलं होतं. मारुतीच्या देवळापासून डावीकडे, चिंचेखालचं. दोनदा जेवलो होतो तिथे. ओट्यावर नाही हो, आत, चुलीपाशी, श्रावणच्या ताटाला ताट लावून. त्याच्या काकूनं माझी जात विचारली नव्हती. मी आपणहून सांगितली तेव्हा म्हणाली, "मंग काय झालं, भाकर घे."

"त्याचा हात तुझ्यापेक्षा बरा आहे," सर म्हणाले. "तुलेही ठाऊक आहे ते. पण दोघंही बसा. साहेब ठरवीन."

एक जागा. मला बाप दिसला, बोऱ्याखाली वाकलेला. माय दिसली. नऊ दिवस. श्रावण आला की जागा गेली, हे मला माझं नाव ठाऊक असावं तितकं ठाऊक होतं. आणि मला भीती वाटली. तशी भीती मला आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

"श्रावण गावात नाही सर," मी म्हणालो. "भुसावळले मामाकडे गेला. दिवाळीलेच येईन म्हणत होता."

सर माझ्याकडे पाहत होते. फार वेळ नाही. "बरं," ते म्हणाले. "उद्या साडेनऊले इथंच ये."

रात्र मी अकोल्याला बापाच्या एका ओळखीच्या माणसाकडे काढली. सकाळी साडेनऊला कचेरीपाशी आलो. निंबाखाली सर उभे होते. पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली, कोट हातावर, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले. म्हणजे बार्शीटाकळीहून पुढे ते पायी गेले होते, त्या उन्हात, त्या वयात. आणि त्यांच्या शेजारी, धुतलेला सदरा घालून, श्रावण.

मला वाटलं धरणी फाटावी. श्रावणच धावत आला आणि त्यानं मला मिठी मारली.

"अबे, तू नसता तं मी गेलो होतो ना!" तो म्हणाला. "काकूनं ते पत्र आल्या पावली फाडून नाल्यात टाकलं, अन् साऱ्या घराले आंघोया घातल्या. मी वावरात होतो, मले तं पत्ताच नाही ते सरांचं पत्र होतं म्हणून! सर म्हणे, तूच मांगं लागला. श्रावणचा हात माह्यापेक्षा बरा आहे, पहिले त्याले आणा म्हणे. वाट बी तूच सांगतली म्हणे." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "कोन करते बे इतकं?"

मी त्याच्या खांद्यावरून सरांकडे पाहिलं. सर रुमालानं चष्मा पुसत होते.

"चला," ते म्हणाले. "दहा वाजून राहिले."

खरं यंत्र काळं होतं, मोठं होतं, आणि त्याच्या कळा बुचांपेक्षा जड होत्या. आम्ही दोघांनी शंभर-शंभर कार्डं टोचली. माझी अकरा चुकली. श्रावणचं एक. साहेबानं त्याचा हात हातात घेतला तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. सर आत आलेच नव्हते. झाडाखालीच बसले होते.

पुढच्या वर्षी मला दर्यापूरच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली. बापानं मला खुर्चीवर बसलेलं पाहिलं. तेव्हा माझं वाईट काही झालं नाही. श्रावण अकोल्याला यंत्रावर बसला, हेड झाला, पुढे नव्या यंत्रांवर शिकायला कंपनीनं त्याला मुंबईला पाठवलं. लग्न असो, बारसं असो, मी गेलो की तो मला हाताला धरून माणसांपुढे उभा करतो. "हा पाहा. आपल्या तोंडातला घास काढून ह्यानं मले देला. आज कोनाच्या वावरात निंदत असतो मी." लोक माझ्याकडे पाहतात. मी पाणी मागतो.

सरांना त्यानंतर मी वर्षातून एकदा तरी भेटत होतो. ते मायची चौकशी करायचे, भाचीचं शिक्षण कुठवर आलं विचारायचे. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. बाकीच्या पाचही पोरांच्या घरी त्याच उन्हाळ्यात ते स्वतः जाऊन आयांपुढे हात जोडून आले होते, हेही मला दुसऱ्यांकडून कळलं. मी दरवेळी ठरवून जायचो, आज बोलायचंच. आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं की मी भाचीच्याच गोष्टी सांगू लागायचो. त्यांना सगळं ठाऊक होतं आणि त्यांनी ते कोणालाही सांगितलं नव्हतं. न सांगितल्याची भीती सांगितल्याच्या भीतीपेक्षा जास्त असते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

सर गेल्याची खबर श्रावणच घेऊन आला. कचेरीत येऊन, सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडून रडला. मीही रडलो, खरंच रडलो. पण त्याच्या आधी, अगदी एक क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते माहीत असणारं कोणी उरलं नाही, असं मनात आलं. श्रावण माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. म्हणत होता, "रडू नको गड्या. तुयं मन लय मोठं आहे, ते म्हणत माह्यापाशी नेहमी."